शमीमचा सवाल

ज्यांच्या घरात आत्ता कुणीतरी अंथरुणावर पडून "मला यातून सोडवा" म्हणतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी बायको शमीम मला पहिल्यांदा असं म्हणाली, तेव्हा मी घाबरून खोलीबाहेर निघून गेलो होतो. असं कुणी म्हणालं की काय करायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आजही मला सगळं कळलंय असं नाही. जे झालं तेवढं सांगतो.

आमची दौलताबाद रोडला रोपवाटिका आहे. सीताफळ, पेरू, थोडी मोसंबी. गिऱ्हाईक बघायचं, टेम्पोनं रोपं पोचवायची, हे माझं काम. कलमं मात्र शमीमच बांधायची. तिचं माहेर कन्नड तालुक्यातल्या खेड्यातलं, शेतीवाडीचं. तिकडं मुसलमानांच्या घरातही मराठीच बोलतात, त्यामुळं आमच्या घरात तीच चालली. तिच्या हाताची कलमं सहसा दगा देत नसत. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "मी काय करते? पट्टी घट्ट बांधते, एवढंच."

काही वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले. तपासण्या चांगल्या येत राहिल्या आणि आम्ही ते दुखणं मागं टाकलं. मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची कंबर दुखायला लागली. दिवसभर वाकून काम, त्यामुळं असेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. तेल लावलं, शेक दिला, पट्टा आणला. ती रात्रीची कुशीवर वळेनाशी झाली तेव्हा तिला घेऊन शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात गेलो.

डॉ. जाधव मॅडमनी फोटो उजेडाला धरला आणि बोलायच्या आधी खुर्ची पुढं ओढली. शमीम त्या खुर्चीकडं बघत होती. तिनंच विचारलं, "परत आलाय ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "मणक्यात आलाय. खुब्यातही आहे."

"बरा होईल?"

"बरा होणार नाही, ताई. दुखणं कमी करता येईल. थोडे दिवस लांबवता येईल."

मी मॅडमना काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आता आठवत नाही. शमीमनं माझ्या बाहीला धरून मला उठवलं. टेम्पोत बसल्यावर ती एकच वाक्य बोलली, "सकाळी कलमासाठी कापून ठेवलेल्या काड्या सुकतील." घरी येऊन ती शेडमध्ये पाटावर बसली आणि त्या सगळ्या काड्या तिनं बांधून संपवल्या. मी शेजारी बसून पट्ट्या कापून देत होतो. दोघंही रडलो नाही. मला वाटतं, हात रिकामे राहिले असते तर रडलो असतो.

*

आमचा मुलगा आसिफ पुण्यात नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "अब्बा, इथं मोठ्या दवाखान्यात आणा." शमीमनं फोन घेतला. "तिथं नवीन हाडं मिळतात का रे?" म्हणाली. तो फोनवर रडायला लागला आणि मग तिलाच त्याची समजूत घालावी लागली.

दुखणं कमी व्हावं म्हणून तिला शेकायला, म्हणजे रेडिएशनला, नेत होतो. टेम्पोत गादी टाकायची, तिच्यावर तिला झोपवायचं आणि खड्डे चुकवत हळूहळू जायचं. मागून येणारे हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. मी पुढचा रस्ताच बघत राहायचो. वाटेत एका वळणावर डांबर उखडलेलं होतं. तिथं आलो की ती आधीच डोळे मिटून घ्यायची.

नंतर काही दिवस तिला वॉर्डात ठेवलं. शेजारच्या खाटेवर काशीबाई होत्या, कन्नडकडच्याच, धनगर समाजातल्या. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं चार भिंतींत त्यांना घुसमटायचं. दोघींच्या ओळखीची गावं निघाली, बाजाराचे दिवस निघाले. शमीम दुखण्यानं कण्हायला लागली की काशीबाई आपल्या खाटेवरून हात लांब करून तिचा पाय धरायच्या.

"लई दुखतंय का गं?"

"लई."

"मग गोळी का घेत न्हाईस?"

हाच आमच्या घरातला पहिला तंटा होता. मॅडमनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. शमीमला कुणीतरी सांगितलं, ही अफूची गोळी. तिनं ती उशीखाली ठेवून दिली.

"नशा आहे ती," मला म्हणाली. "नशेत नमाज कशी होईल? आणि तशीच मेले तर?"

मी चिडलो, हात जोडले, मॅडमना बोलावलं. मॅडमनी नीट समजावलं, की दुखण्यासाठी मोजून घेतली तर ती नशा नव्हे. शमीमनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बरोबर असेल, मॅडम. पण हे तुमच्या खात्यातलं नाही."

मग मी मुफ्तीसाहेबांकडं गेलो. शहरातल्या एका मदरशात ते शिकवतात आणि धर्मात काय चालतं, काय नाही, हे लोक त्यांना विचारतात. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. डॉक्टरांना विचारलंय का? दुसऱ्या कुठल्या औषधानं भागतंय का? मी म्हणालो, विचारलंय, आणि भागत नाही.

"मग द्या," ते म्हणाले. "जीव जाईल अशी भूक लागली आणि दुसरं काही मिळत नसेल, तर मुर्दार, म्हणजे मेलेलं जनावर खायचीसुद्धा मुभा आहे. अशी निकड आली की मनाई उठते. फक्त निकड असेल तेवढ्यापुरतीच. त्यांना माझा सलाम सांगा आणि सांगा, गोळी घ्या, झोपा."

मी शब्दन्‌शब्द तसाच सांगितला. शमीमनं विचार केला, पाणी मागितलं आणि गोळी घेतली. त्या दुपारी ती घोरली. कितीतरी दिवसांनी मी तिचं घोरणं ऐकत होतो. काशीबाईंनी मला खूण केली, बोलू नका म्हणून. जाग आल्यावर तिनं खाटेवर पडल्या पडल्या डोळ्यांच्या इशाऱ्यानं नमाज पढली आणि मला म्हणाली, "सगळं आठवलं बरं का. एकही शब्द चुकला नाही."

त्यानंतरचे काही आठवडे आम्हाला बरे गेले. घरी आलो. ती भिंतीला धरून शेडपर्यंत यायची, खुर्चीत बसून मजुरांच्या चुका काढायची.

*

आणि मग एका सकाळी तिला पाय हलवता येईनात. मणक्यातली गाठ आतल्या नसा दाबत होती. लघवीला नळी लागली. पाठीला जखमा झाल्या. त्या धुताना ती उशीचा कोपरा दातात धरायची. पायांना स्पर्श कळत नव्हता, पण कमरेतलं दुखणं होतं तसंच राहिलं. मला हे फार अन्यायाचं वाटायचं.

गोळ्या वाढवल्या. थोडे दिवस पुरल्या, मग पुरेनात. आसिफ सुट्टी घेऊन आला होता. तो सतत फोनवर कुठल्या ना कुठल्या दवाखान्याशी बोलत असायचा.

एक दिवस मी तिच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होतो. तिनं चमचा बाजूला केला.

"अहो, मुफ्तीसाहेबांना परत विचारा."

"काय विचारू?"

"मला सोडवायची मुभा आहे का ते. डॉक्टरकडं असेल ना तसलं इंजेक्शन. गोळीला मुभा मिळाली ती निकड होती म्हणून. मग ही निकड नाही का?"

याच वेळी मी खोलीबाहेर गेलो. परत आलो तेव्हा ती तशीच वाट बघत होती.

"तुमच्यानं विचारवत नसेल तर त्यांना इथं बोलवा. मी विचारते."

आसिफनं दारातून ऐकलं होतं. तो आत आला. "अम्मी, तौबा कर. असं तोंडातूनसुद्धा काढू नये."

"तू पाठ धुतोस का माझी?" शमीम म्हणाली.

आजवर त्याच्यानं ते बघवलंच नव्हतं. पाठ धुवायच्या वेळी तो काहीतरी आणायला बाहेर जायचा.

मी आधी जाधव मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मरणाचं इंजेक्शन मी देणार नाही. कायदा देऊ देत नाही आणि माझ्याकडूनही ते व्हायचं नाही. पण त्या असं म्हणताहेत याचा अर्थ आपली औषधं कमी पडताहेत. मी बघते." मग मी मदरशात गेलो. मुफ्तीसाहेबांनी निरोप ऐकला, वर्ग सोडला आणि माझ्याबरोबरच टेम्पोत बसले.

*

पुढच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. आतल्या खोलीत शमीमची खाट. मधल्या दाराला पडदा. मुफ्तीसाहेब उर्दूत बोलत होते, शमीम मराठीत. दोघांना एकमेकांचं नीट कळत होतं. मी पडद्याजवळ उभा होतो, त्यामुळं मला दोघंही दिसत होते.

"मुफ्तीसाहेब, भुकेल्याला मुर्दार चालतं ना?"

"चालतं, बहन."

"मला गोळी चालली."

"चालली."

"मग आता गोळी पुरत नाही. माझी निकड भुकेपेक्षा मोठी झालीय. मला जायची परवानगी द्या. मी कुणाचं काही बिघडवत नाही. जीव माझाच आहे."

मुफ्तीसाहेब सावकाश म्हणाले, "भुकेल्याला मुभा आहे ती त्याचा जीव वाचावा म्हणून. निकडीचा नियम जीव राखण्यासाठीच आहे. त्याच्याच आधारानं जीव घेता येत नाही. कुणी मानेवर तलवार ठेवून म्हणालं, की त्या माणसाला मार नाहीतर तुला मारतो, तरी त्याला मारायची मुभा नाही. तिथं निकडही थांबते. आणि आपला जीव आपल्या मालकीचा नाही, बहन. तो आपल्याकडं ठेवायला दिलाय. अमानत आहे."

"मग ज्याची अमानत आहे त्यानं घेऊन जावी ना," शमीम म्हणाली. "मी कधीची हातात घेऊन बसलेय."

मुफ्तीसाहेबांनी चष्मा काढला. आत तिचा श्वास ऐकू येत होता. एवढं बोलल्यानं तिला धाप लागली होती.

"मला हो म्हणता येत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला दुखलंय कधी असं?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"एवढं दुखणं त्याला कशाला हवंय?"

"किताबांत याची उत्तरं आहेत, बहन. तुमच्या दारात बसून ती तुम्हाला द्यायची माझी हिंमत नाही."

मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. तो तिनं आधीपासून ठरवलेला होता की तेव्हाच सुचला, मला माहीत नाही.

"आसिफ म्हणतो, श्वास थांबायला लागला की मशीनवर ठेवायचं. मी नको म्हटलं तर तो जीव घेणं होतं का?"

"नाही," मुफ्तीसाहेब ताबडतोब म्हणाले. "ज्या इलाजानं बरं वाटणार नाही, नुसतं मरण लांबेल, तो नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात गुन्हा नाही. तुमचाही नाही आणि घरच्यांचाही नाही."

"आणि मॅडमनी दुखण्याचं औषध वाढवलं आणि त्यात मी गेले तर?"

"दुखणं थांबवायची नियत असेल आणि डॉक्टर अंदाज घेऊन देत असतील, तर तेही नाही." मग ते म्हणाले, "मरण मागू नये असं आपल्याला शिकवलंय. पण राहवलंच नाही तर एवढं म्हणावं, की जगण्यात माझं भलं असेल तोवर जगव आणि मरण्यात भलं असेल तेव्हा उचल."

"ते मी रोजच म्हणतेय," शमीम म्हणाली. "तुम्ही चहा घेऊन जा."

चहा आसिफनं आणला. तो स्वयंपाकघरात उभा राहून सगळं ऐकत होता. कप ठेवताना बशीत चहा सांडला. मुफ्तीसाहेबांनी तो बशीतला चहाही पिऊन टाकला.

*

त्यानंतरच्या एका दुपारी आसिफ औषधं आणायला गेला होता. मी गोळी द्यायला बाटली उघडली. शमीम माझ्या हाताकडं बघत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तुम्ही द्याल?"

ती एका गोळीबद्दल बोलत नव्हती. अशा घरात बसलेल्या माणसांना मला हे सांगायचंय, की तो विचार माझ्या मनात आला. बाटली हातात होती, घरात कुणी नव्हतं आणि ती मागत होती. माझ्या डोक्यात कुठलाही नियम आला नाही, कायदा आला नाही. एवढंच आलं, की तिनं शेवटचं काही मागितलंय आणि ते माझ्या हातात आहे.

"माझ्यानं होणार नाही, शमीम."

"बरं," म्हणाली आणि भिंतीकडं मान वळवली.

नंतर ती माझ्याशी बोलेना. औषध घ्यायची, पाणी घ्यायची, पण मी काही विचारलं की उत्तर आसिफला द्यायची. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी कधी रुसली नव्हती. ज्यांना हे भोगावं लागतंय त्यांना सांगतो, या रागाची तयारी ठेवा. तो खरा असतो. मी ती बाटली जाधव मॅडमच्या, घरी येणाऱ्या नर्सताईंकडं देऊन टाकली. रोजच्या गोळ्या त्याच घेऊन येतील असं ठरवलं. कारण विचारल्यावर मी खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. लई घरांत असं होतं, काका." हे ऐकून मला जितका धीर आला तितका इतर कशानंच आला नाही.

मॅडम स्वतः घरी आल्या. औषध बदललं. कातडीखाली एक बारीक सुई बसवून छोट्या पंपातून ते थेंबथेंब जाईल अशी सोय केली. आणि दुखणं उतरलं. पूर्ण गेलं नाही, पण ती उशीचा कोपरा दातात धरेनाशी झाली.

जाग आली की ती इकडंतिकडं बघायची. एकदा मी खाली बसून तिचे कपडे घडी करत होतो.

"असं नाही, बाह्या आत," ती म्हणाली.

मी घडी मोडून पुन्हा केली. बाह्या आत.

त्याच दिवसांत आसिफ एका सकाळी कोमट पाणी घेऊन तिच्या खाटेशी आला. "आज पाठ मी धुतो." त्यानं नीट धुतली. मलम लावलं, पट्टी बांधली. ती म्हणाली, "सैल झाली." त्यानं सोडून पुन्हा बांधली. "हं, आता टिकेल," म्हणाली, आणि दोघंही हसले. तिचं हसणं मी शेवटचं ऐकलं ते तेव्हा.

*

ताप आला तो छातीत कफ भरल्यामुळं. श्वासाची घरघर सुरू झाली. आसिफच्या हातात फोन होता, रुग्णवाहिकेचा नंबर लावलेला.

"अब्बा, काहीच नाही करायचं? असंच बघत बसायचं?"

मी काही बोलायच्या आत शमीमनं डोळे उघडले. तिचा आवाज फार बारीक झाला होता. तो खाली वाकला.

"बस इथं," ती म्हणाली.

त्यानं फोन खिशात घातला आणि बसला. सबंध सकाळ तो तिथून उठला नाही. मी तिच्या ओठांना ओला कापूस लावत होतो. मध्येच तिनं माझा अंगठा धरला. तिला माझाच धरायचा होता की हाताला लागला म्हणून धरला, ते मी तिला विचारू शकलो नाही. दुपारच्या अजानच्या सुमारास दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि मग पुढचा श्वास आला नाही. आसिफ कलमा म्हणत होता. तो आणखी बराच वेळ म्हणत राहिला.

तिला दौलताबादच्या कब्रस्तानात दफन केलं. किल्ल्याच्या डोंगराची सावली तिथवर येते. मुफ्तीसाहेब आले होते. माती देऊन लोक निघाले, आसिफ तिच्या भावांबरोबर पुढं गेला. मुफ्तीसाहेब माझ्यासाठी मागं थांबले. माझ्या शेजारून चालताना त्यांनी विचारलं, "त्यांनी माझ्यावर राग धरला होता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्या जागेवर मला ते जमलं नाही.

"धरला होता. तुमच्यावर आणि माझ्यावरही."

"शेवटपर्यंत?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. आम्ही फाटकापर्यंत आलो. तिथं मी थांबलो, कारण मनात धरून ठेवलेलं एक होतं आणि ते दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"त्या दुपारी पडद्याजवळ उभा होतो ना," मी म्हणालो, "तेव्हा तुम्ही हो म्हणावं असं मला वाटत होतं."

मुफ्तीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. फाटकाची कडी ते नुसतीच हातात धरून उभे होते.

"मलाही," ते म्हणाले.